जवाच्या पाण्याचा वचपा

घरात एकदा धाकटी म्हणून पाऊल टाकलं की बाई जन्मभर धाकटीच राहते. हिचे गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढत गेला, तरी खालच्या मजल्यावरून हाक यायची ती "धाकटेऽ" अशीच. हाक मारणारी तिची थोरली जाऊ. घर दुमजली, सासऱ्यांनी बांधलेलं, जिना दोघींत एकच. खाली थोरली, तिचा मुलगा आणि सून. वर धाकटी आणि तिचा नवरा. थोरले दीर केव्हाच गेले होते. वरच्या मजल्यावर मूल नव्हतं, आणि ते का नव्हतं यावरून दोघींच्या मनात जे काही साचलं होतं त्याचीच ही हकीकत आहे.

थोरलीला गल्लीत वैद्यीणबाई म्हणत. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर बरण्याच बरण्या. खोकल्याला हे, पोटाला ते, केस गळायला आणखी तिसरंच. पण तिचं खरं नाव झालं होतं ते उन्हाळीच्या औषधाने. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, उठून आलं की परत जावंसं वाटणं, याला बायका उन्हाळी लागली म्हणतात, मग बाहेर हिवाळा का असेना. हे दुखणं घेऊन बाई कुठे जाणार? नवऱ्याला सांगायची लाज, डॉक्टरला सांगायची त्याहून लाज. मग ती थोरलीच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहायची, आणि थोरली तिला नुसतं बघूनच म्हणायची, "समजलं. बस."

मूठभर जव धुऊन भिजत घालायचे. पातेलंभर पाण्यात मंद आचेवर ठेवायचे, पाणी दुधट दिसायला लागलं की उतरवायचं, गाळायचं आणि दिवसभर कोमट पीत राहायचं. मीठ नाही, साखर नाही. मधूनमधून धने भिजवलेलं पाणी. खायला काकडी, कलिंगड, ताक. तिखट, लोणचं, कॉफी, चहा सगळं बंद. आणि लघवी आली की हातातलं काम टाकून उठायचं, तुंबवून ठेवायची नाही. न्यायाने बोलायचं तर यात वाईट काहीच नव्हतं. साधी जळजळ असेल तर बायकांना बरं वाटायचं, त्या दुवा देत परत जायच्या. घोटाळा एवढाच होता की आपलं औषध कुठे चालतं हे थोरलीला ठाऊक होतं, कुठे चालत नाही हे तिने कधी ठाऊक करून घेतलं नाही.

पण धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या पुढच्या वाक्याने. पथ्य सांगून झालं की थोरली बोट वर, छताकडे करायची आणि म्हणायची, "चहा सोडा बायांनो. नाहीतर वर बघा काय झालं ते." जिन्यावरून ते वाक्य सरळ वर यायचं. धाकटी ते कितीतरी वर्षं ऐकत आली होती. ऐकायची आणि कप भरून चहा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. भुरका असा मारायची की खाली बसलेल्या रोगिणीला ऐकू गेला पाहिजे.

झालं होतं ते असं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा सासू नव्हती, म्हणून थोरलीच सासू. त्या घरात बाईचं काहीही दुखलं की ते आधी थोरलीच्या कानावर घालायचं, ती म्हणेल तर पुढे डॉक्टर, अशी रीत होती. धाकटीचा नवरा ट्रक चालवायचा, लांबच्या फेऱ्यांवर असायचा. धाकटीला सातवा महिना लागला आणि लघवीला आग होऊ लागली. तिने रीतीप्रमाणे थोरलीला सांगितलं.

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरला दाखवून येऊ का, वहिनी?"

"असल्या जागेचं दुखणं परक्या पुरुषाला दाखवतेस? आणि मी काय मेले? पाणी पी. दोन दिवसांत सगळं धुऊन जाईल."

ती पाणी प्यायली. पातेलीच्या पातेली प्यायली. चहा तर तिने पहिल्याच दिवशी सोडला होता, कारण थोरली सांगेल ते देववाक्य. आग थोडी कमी झाली आणि तिला वाटलं, उतार पडला. मग बरगडीखाली पाठ भरून आली. मग हुडहुडी भरली, अशी की दोन गोधड्या घेऊनही दातावर दात आपटत होते. ती भिंत धरून जिना उतरली आणि थोरलीला म्हणाली, "वहिनी, मला दवाखान्यात न्या. पोटात बाळ आहे हो."

थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला, मग सरळ जाऊन बाहेरच्या दाराला कडी घातली. "बाहेर वारं सुटलंय, ताप अंगात मुरेल. चहा प्यायलीस ना चोरून? खरं सांग. त्याशिवाय माझं औषध फुकट जायचं नाही." धाकटीने आईची शपथ घेतली. थोरलीने तिला दंडाला धरून वर नेऊन झोपवलं आणि उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं.

संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि सगळं तिथेच, वरच्या खोलीत झालं. धाकटी धड शुद्धीवर नव्हती. थोरलीनेच जे करायचं ते केलं, आणि मग एकदाची गाडी बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टरने चार शब्दांत सांगितलं की जंतू किडनीपर्यंत चढले, तापामुळे कळा आल्या, आधी आणलं असतं तर गोळ्यांनीही भागलं असतं. धाकटीने बाळाचं विचारलं तेव्हा थोरली म्हणाली, "बघण्यासारखं काही नव्हतं गं. विसरून जा." पुढे धाकटीला दिवस राहिले नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी धाकटीने नशीब म्हणून गिळलं असतं. पण थोरलीला आपलं नाव राखायचं होतं. ती घरभर, गल्लीभर सांगत सुटली, "मी हात जोडले हो, पण हिने चहा सोडला नाही." सगळ्यांनी ते खरं धरलं. ट्रकवरून परतलेला नवरा रडून झाल्यावर म्हणाला, "तू खरंच चहा घेत होतीस का?" तो प्रश्न धाकटीच्या काळजात रुतून बसला. नवऱ्याला तिने पुढे मनातून माफ केलं, कारण तो भाबडा होता. थोरलीला नाही. त्या दिवशी तिने ठरवलं की या बाईच्या तोंडून, चारचौघांत, खरं वदवून घेतल्याशिवाय आपण डोळे मिटायचे नाहीत.

तेवढ्यासाठी तिने नोकरीसुद्धा तशीच धरली. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लॅब होती. तिथे नमुने घ्यायला बाई हवी होती. धाकटीने तोंडाला फडकं, हातात मोजे चढवले आणि खिडकीशी जाऊन बसली ती तिथलीच झाली. लाल झाकणाची बाटली द्यायची, वर नाव-वय चिकटवायचं, आणि प्रत्येकीला तेच सांगायचं: "सुरुवातीची सोडून द्या, मधली धार धरा. झाकणाला आतून बोट लावायचं नाही. भरली की लगेच इकडे आणा, घरी बसवून ठेवू नका." बायका बाटली पदराआड, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायच्या. धाकटी म्हणायची, "अहो, चोरीचा माल आहे का? ठेवा इथे." गल्लीने तिला बाटलीवाली काकू करून टाकलं.

आणि मग ती थोरलीच्या मागे हात धुऊन लागली. खालच्या मागच्या दारातून पातेलं घेऊन बाहेर पडणारी बाई दिसली की ही जिन्यावरून गाठायची. "पाणी प्या की, कोण नको म्हणतंय? पण आधी बाटली भरून द्या. ताप आहे? पाठ दुखते? लघवी लाल होते? पोटुशी आहात? मग पाणी नंतर, आधी डॉक्टर." एकेक बाई थोरलीच्या हातून सुटून लॅबच्या खिडकीशी यायला लागली. ज्या दिवशी अशी एखादी यायची त्या दिवशी धाकटीला दोन घास जास्त जायचे. लोकांना वाटायचं, काय सेवाभावी बाई आहे! सेवा कसली, तिला थोरलीचं दुकान बसवायचं होतं. तेही पुरतं बसेना. शेजारची शिंपीणबाई तर थोरलीची इतकी भक्त की मशीनवर बसताना पायाशी जवाच्या पाण्याची बाटली ठेवायची.

अशी वर्षं गेली आणि एक दिवस, धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, थोरलीची सून धावत वर आली.

"काकू, आईंना थंडी वाजतेय. परवापासून सारख्या बाथरूमला जाताहेत, आग होते म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावरच येतात. म्हणाल्या…" सून अडखळली.

"म्हणाल्या काय?"

"म्हणाल्या, तिकडे ती बसलेली असते बाटल्या मांडून. तिच्या हातात मी माझी बाटली देणार नाही, मेले तरी."

धाकटीला काय वाटलं ते उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. इतका झाला की हातातला कप तिने खाली ठेवला, सांडेल म्हणून. सुनेला म्हणाली, "तू हो पुढे. मी आलेच औषध घेऊन." आणि तिने डबा उघडून मूठभर जव काढले. भिजवायला वेळ नव्हता, पण उकळले मात्र मन लावून, अगदी दुधट होईपर्यंत.

खाली थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोलीत औषधी पाल्याचा आणि घामाचा वास. शिंपीणबाई विचारपूस करायला आलेली, ती खुर्चीत बसली होती. धाकटीला वाटलं, वा, साक्षीदारही हजर आहे. तिने स्टूल ओढलं, पातेलं मांडीवर घेतलं आणि पेला भरून पुढे केला.

"घ्या वहिनी."

थोरली वळली. "काय आहे?"

"तुमचंच आहे. मीठ नाही, साखर नाही. दोन दिवसांत सगळं धुऊन जाईल."

शिंपीणबाई समोर बसलेली. आपल्याच औषधाला थोरली नको कशी म्हणणार? तिने पेला घेतला, दात पेल्याच्या काठावर कडकड वाजत होते, आणि प्यायली. धाकटीने लगेच दुसरा भरला. मग अगदी मायेने विचारलं, "चहा प्यायलात ना चोरून? खरं सांगा. त्याशिवाय हे औषध फुकट जायचं नाही."

थोरलीचा हात थांबला. तिने धाकटीकडे नीट पाहिलं आणि सगळं ओळखलं. शब्दन्‌ शब्द तिचाच होता.

"म्हणजे तू याची वाट बघत होतीस," ती म्हणाली.

"बघत होते. आता ऐका. एक वाक्य बोला, आत्ता गाडी बोलावते. म्हणा, हिने चहा प्यायला नव्हता. म्हणा, दाराला कडी मी घातली. शिंपीणबाई ऐकताहेत, सून ऐकतेय. बोला की सुटलात."

"मी काय खोटं बोलले होते? तू प्यायलीच असशील."

"मग प्या पाणी."

सून रडकुंडीला आली. "काकू, ह्यांना फोन करू का? ते कामावरून येतील."

"तुझ्या सासूला विचार. तिच्या घरात तिच्या परवानगीशिवाय कोणी दवाखान्यात जात नाही."

आणि थोरलीही अशी की म्हणाली, "कोणाला बोलवायचं नाही. मी बरी आहे." शिंपीणबाईला इथे काहीतरी भलतंच शिजतंय एवढं कळलं आणि ती मशीनवर कपडा तसाच राहिलाय म्हणत निघून गेली.

दुपारभर हेच चाललं. धाकटी वर जाऊन जेवून आली, चवीने जेवली. जिन्यावर बसून चहा घेतला आणि मुद्दाम मोठा भुरका मारला. मग परत खाली येऊन पेला पुढे केला. "बोलायचंय?" थोरली मान हलवायची, नाही. एकदा तर तिने तेवढ्यातही ऐकवलं, "जव कच्चे राहिलेत तुझे." त्या हट्टापुढे धाकटीचाही हट्ट चढत गेला. मनात आत कुठेतरी कोणी म्हणत होतं, पुरे आता, हिला ने. त्या आवाजाला ती म्हणत होती, मलाही कोणी नेलं नव्हतं.

ऊन कलल्यावर ती पुन्हा खाली आली तर थोरली शांत पडलेली. दात वाजायचे थांबले होते. कपाळाला हात लावला तर तापही फारसा लागेना. धाकटीने हात मागे घेतला. बरी होतेय की काय ही? जवाच्या पाण्याने? असं झालं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, उद्या हीच बोट वर करून सांगेल की मी कशी उठून बसले.

तेवढ्यात थोरली बोलली. अगदी हळू. "चुकलं माझं."

धाकटी स्टुलावरून पुढे सरकली. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. अगं सूनबाई, इकडे ये, ऐक."

"चुकलं. मी लक्ष दिलं नाही." थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दूध सगळं उतू गेलं. मारू नकोस ना, आई. मी पुसून घेते."

ती धाकटीकडे बघतच नव्हती. धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे कोणाला तरी बघत होती, आणि हाताने चादर पुसत होती.

लॅबच्या खिडकीत बसून धाकटी म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांना रोज एक गोष्ट बजावायची. वय झालेल्या बाईला उन्हाळी लागली तर तापावर जाऊ नका, ताप उतरल्यासारखाही वाटतो. बडबड सुरू झाली, माणूस ओळखेना, की एक क्षण घरात थांबायचं नाही, विष अंगात भिनलेलं असतं. रोज सांगायची. आणि आज सबंध दुपार ती स्वतः त्याच खाटेशी पेला घेऊन बसली होती, आणि रागाच्या भरात हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

ती ताडकन उठली. तिला दया आली का? नाही. तिचं डोकं रागाने फुटायची वेळ आली. ही मरेल. दुधाची माफी मागत मरेल, आणि माझं वाक्य तसंच पोटात घेऊन जाईल! उद्या गल्ली हिच्यासाठी रडेल, वैद्यीणबाई किती गुणाची होती म्हणेल, आणि मी जन्मभर चहावाली राहीन.

"अशी सुटायची नाहीस तू," ती ओरडली. "सूनबाई, टॅक्सी! पळ! नवऱ्याला फोन कर, सरळ हॉस्पिटलात ये म्हणावं!"

शिंपीणबाई आणि तिचा नवरा धावत आले. खुर्चीत बसवून थोरलीला दाराबाहेर काढलं. टॅक्सीत धाकटीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सबंध रस्ताभर तिच्या गालावर चापट्या मारत राहिली. "डोळे उघड. झोपायचं नाही. ए म्हातारे, इकडे बघ. माझं देणं दिल्याशिवाय कुठे चाललीस?" टॅक्सीवाला आरशात बघून म्हणाला, "फार जीव आहे हो तुमचा त्यांच्यावर." धाकटीने त्याला असा काही लूक दिला की तो पुढे गप्प गाडी चालवत राहिला.

हॉस्पिटलात नळी घालून लघवी काढली. नर्सने घाईत लाल झाकणाची बाटली जवळ उभ्या असलेल्या धाकटीच्याच हातात दिली आणि नाव लिहायला सांगितलं. गढूळ, लालसर, कोमट. या क्षणाची तिने मनात किती उजळणी केली होती, काय काय बोलायचं ठरवलं होतं. आता बोलणार कोणाशी? तिने नाव लिहिलं, वय लिहिलं, झाकण घट्ट केलं आणि बाटली ट्रेमध्ये ठेवली.

डॉक्टर तरुण होती, पण करवादली. "सकाळपासून थंडी वाजतेय आणि आत्ता आणता? घरी कोणी नव्हतं का?"

सुनेने धाकटीकडे पाहिलं. "होते मी," धाकटी म्हणाली. डॉक्टरने आणखी काही विचारलं नाही, ती सलाईनच्या मागे लागली.

पुढचे काही दिवस कठीण गेले. अँटिबायोटिक शिरेतून चालू होतं. थोरली कधी सुनेला मावशी म्हणायची, कधी गाणं म्हणायची. धाकटी लॅबमधून सुटली की थेट वॉर्डात यायची आणि पायाशी बसून राहायची. थोरलीच्या मुलाने तिचे हात हातात घेतले, "काकू, तुम्ही नसता तर…" सून खाली मान घालून उभी होती. धाकटी म्हणाली, "तुझी आई शुद्धीवर आली की मला कळव. बाकी काही बोलू नकोस."

आणि एका सकाळी निरोप आला. धाकटीने वाटेत शिंपीणबाईला मशीनवरून उठवून बरोबर घेतलं. वॉर्डात शिरली तर थोरली उशीला टेकून बसलेली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "डॉक्टरसुद्धा म्हणाली, पाणी भरपूर प्या. मी तर आधीच जवाचं पाणी पीत होते, म्हणून तगले." धाकटीने कपाळाला हात लावला. मेली नाही ते बरंच, पण हिची खोड काही जायची नाही.

तिने स्टूल ओढलं. "आज वार कोणता?"

"गुरुवार. मला काय वेडी समजतेस?"

"मी कोण?"

"धाकटी. आणखी कोण."

"मग बोल," धाकटी म्हणाली. एवढ्या वर्षांत शुद्धीवरच्या थोरलीला ती पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती. "मी तुला उचलून आणलं ते माया म्हणून नाही. तू शुद्धीवर बोलावंस म्हणून आणलं. बोल."

थोरलीने सुनेकडे पाहिलं, शिंपीणबाईकडे पाहिलं. बराच वेळ हातावरच्या सलाईनच्या पट्टीशी चाळा करत बसली. मग शिंपीणबाईला म्हणाली, "हिने चहा प्यायला नव्हता. मला ठाऊक होतं. ही रडून दवाखान्यात न्या म्हणत होती आणि कडी मी घातली. माझं औषध चुकलं म्हणतील, याची भीती वाटली मला."

शिंपीणबाईचा हात तोंडावर गेला. सून खाटेचा दांडा धरून उभी राहिली. झालं. जे हवं होतं ते सगळं मिळालं, शब्दाला शब्द, साक्षीदारांसमोर. धाकटीला गोड वाटलं. खरंच वाटलं. तिने पाठ सरळ केली, जणू कितीतरी वर्षांनी कोणी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं होतं. आता उठायचं, घरी जायचं आणि या बाईशी पुन्हा बोलायचं नाही, असं तिने ठरवूनच ठेवलं होतं. ती उठलीसुद्धा.

"बस," थोरली म्हणाली. "आणखी एक आहे. ते कोणी विचारलेलं नाही. मुलगी होती."

धाकटी उभीच राहिली.

"बघण्यासारखं काही नव्हतं, असं मी सांगितलं होतं. खोटं होतं ते. सगळं होतं. बोटं होती, नखं होती. कपाळ तुझ्यासारखं, रुंद. मी टॉवेलात गुंडाळून धरली होती."

"रडली?" धाकटीने विचारलं.

"एकदा. बारीकसं. मग नाही."

धाकटीचा हात वर गेला. सून "काकू!" म्हणून पुढे झाली. हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, गेली कशी. मग मी काय सांगणार होते?"

जिला आपण मनात कधी 'ती' सुद्धा म्हणू शकलो नाही, नुसतं 'ते' म्हणत राहिलो, तिला कपाळ होतं. ती रडली होती. आणि ते या जगात एकाच माणसाने पाहिलं होतं, ऐकलं होतं. ज्या दिवशी आपण पेला घेऊन हिच्या खाटेशी बसलो होतो त्या दिवशी ही गेली असती, तर मुलगीही हिच्याबरोबर दुसऱ्यांदा गेली असती. धाकटीने शिंपीणबाईला आणि सुनेला हाताने बाहेर जायची खूण केली, आणि त्या गेल्यावर स्टूल आणखी जवळ ओढून बसली.

"केस होते?"

"होते."

"किती?"

थोरली दमली होती. तिने मान उशीवर टाकली आणि डोळे मिटले. धाकटीने तिचा खांदा गच्च धरला आणि गदागदा हलवला.

"डोळे उघड. मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण सगळं सांगून होईपर्यंत तुला मी मरू देणार नाही. सांग. केस किती होते?"